पूर्णविराम हवालदार फितूर होतो

पोलीस ठाण्यात शिरल्यावर उजव्या हाताला जी खोली लागते, तिच्यात खिडकीकडे पाठ करून हा माणूस एकोणतीस वर्षं बसला. खिडकीकडे पाठ कशासाठी, तर उजेड समोरच्याच्या तोंडावर पडावा आणि आपलं तोंड त्याला नीट दिसू नये म्हणून. ही युक्ती त्याने स्वतःच शोधून काढली होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. हुद्दा हवालदार, काम जबाब लिहिण्याचं. चोरी असो, मारामारी असो, घरातून निघून गेलेली सून असो, माणूस त्याच्यासमोर बसला की तासाभरात दोन पानी जबाब तयार. वाक्य संपलं की पेनाचं टोक तो असं दाबायचा, की खालच्या कागदावरही ठिपका उमटायचा. त्यावरून ठाण्यातल्या पोरांनी त्याचं नाव पूर्णविराम ठेवलं होतं. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, कारण आपली चेष्टा होऊ शकते हेच त्याला मान्य नव्हतं.

त्याची एक बढाई होती. कोणी ऐको न ऐको, आठवड्यातून एकदा तो ती मारायचाच. "माझा साक्षीदार आजवर एकदाही फितूर झालेला नाही." कोर्टात उभं राहून आपल्याच जबाबावरून फिरणारा माणूस म्हणजे त्याच्या लेखी सगळ्यात हलका नमुना.

बढाई खरी होती, तिच्यामागचं कारण मात्र कोणी विचारलं नव्हतं. ठाण्यात येणारी माणसं धड बोलत नाहीत. मधूनच सुरू करतात, मावशीच्या घरी जाऊन येतात, रडतात, दिवस चुकवतात. "माणसं सांगत नाहीत हो, सांडतात," असं पूर्णविराम म्हणायचा, आणि सांडलेलं पुसून टाकणं हेच आपलं काम आहे असं समजायचा. "थांब. म्हणजे तुला असं म्हणायचंय की," अशी सुरुवात करून तो एक तयार वाक्य समोरच्यापुढे ठेवायचा. दमलेला माणूस मान डोलवायचा. मान डोलली की वाक्य कागदावर. शेवटी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं की आपलीच हकीकत इतकी नीटनेटकी झालेली ऐकून ती माणसं स्वतःच दबकायची आणि सही करायची. पुढे कोर्टात त्यांना आठवायचं ते त्याचं वाक्य, डोळ्यांनी पाहिलेलं नव्हे. ठाण्यात याला हुशारी म्हणत.

घरीही तोच खाक्या. "अहो, काल बाजारात काय झालं," असं बायकोने म्हणावं, की हा लगेच, "बाजारात, की बाजाराकडे जाताना?" बायकोने लग्नानंतर तीनचार वर्षांत सांगणंच सोडून दिलं. जे सांगायचं ते ती मागच्या गॅलरीत उभी राहून फोनवर बहिणीला सांगे. आपलं घर किती शांत आहे याचं पूर्णविरामला कौतुक वाटत राहिलं.

अशा माणसाला लोकांचं दुःख ऐकायला बसवावं, ही कल्पना फक्त पोलीस खात्यालाच सुचू शकते.

झालं असं, की मुख्यालयातून एक परिपत्रक आलं. पोलिसांना नोकरीत नको ते बघावं लागतं, छिन्नविच्छिन्न माणसं उचलावी लागतात, आणि ते मनात घेऊन ते घरी जातात. तेव्हा प्रत्येक ठाण्यात त्यांच्यातलाच एक जण तयार करावा, ज्याच्यापाशी बसून त्यांना मोकळं होता येईल. त्याला 'साथी' म्हणावं. योजना खरोखर चांगली होती. म्हणूनच ती पहिल्या दिवसापासून भलत्यांच्या हातात गेली.

ठाण्याचे मोठे साहेब म्हणजे टेबलाच्या खणात आरसा ठेवणारा माणूस. केसांचा काळा रंग कानशिलावरून ओघळला नाही ना, हे बघितल्याशिवाय ते फिर्याद ऐकत नसत. त्यांनी परिपत्रक वाचलं आणि दोन मिनिटांत निकाल लावला. "पूर्णविरामला पाठवा. तो असाही दिवसभर लोकांचं ऐकतच असतो. शिवाय गुडघे गेलेत त्याचे, बंदोबस्ताला उपयोग नाही."

प्रशिक्षण तीन दिवसांचं. सभागृहात सव्वीस पोलीस बसले होते. त्यातले अर्धे पेंगत होते, आणि एकाने पहिल्याच तासाला हजेरी किती वाजता घेणार ते विचारून घेतलं. शिकवायला एक समुपदेशक बाई होत्या. आवाज बारीक, डोळ्यांखाली काळं, पण कामाशी प्रामाणिक. तीन दिवसांत त्यांनी तेच ते निरनिराळ्या शब्दांत सांगितलं. समोरचा बोलेल तसं बोलू द्या. दुरुस्त करू नका. मधे काही सुचवू नका. आणि लिहू नका. फॉर्मवर फक्त तारीख आणि वेळ, बाकी एक अक्षर नको.

पूर्णविरामने वहीत लिहून घेतलं, 'लिहू नये', आणि पुढे ठिपका दाबला. मनात म्हणाला, न लिहिता ऐकायचं असेल तर त्याला हवालदार कशाला हवा, चहाच्या टपरीवरचं बाकडं पुरे.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मुख्यालयात बिल्ले वाटण्याचा कार्यक्रम होता. मोठे साहेब आपल्या माणसाबरोबर फोटोत यायला जातीने हजर. मंचावर ओळीने उभं केलेलं असताना त्यांचा फोन वाजला. पूर्णविराम त्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभा होता. फोनवर ठाण्याच्या गाडीचा चालक इतक्या मोठ्याने बोलत होता, की शब्द न शब्द त्याला ऐकू आला. एका गोदामाची मागची भिंत पडली होती. विटांखाली एक हमाल होता, जिवंत होता, आतून ओरडत होता. उरलेली भिंत कललेली होती. जवळ दोनच पोलीस, आत जाऊ का?

साहेब तोंडावर हात धरून म्हणाले, "मी येईपर्यंत कोणी आत जायचं नाही. दोरी बांध आणि कोणालाही सोडू नकोस. आणखी मेले तर माझ्या डोक्यावर येईल." फोन खिशात गेला. फोटो निघाला. कोणाचे तरी डोळे मिटले म्हणून परत निघाला. मग चहा झाला. साहेब गोदामापाशी पोचले तेव्हा पाऊण वाजला होता आणि विटांखालचा आवाज बंद होऊन बराच वेळ झाला होता. पूर्णविराम त्यांच्याच गाडीतून गेला, छातीवर नवा बिल्ला लावून.

ठाण्याच्या गाडीचा चालक, सगळे त्याला ड्रायव्हर असंच म्हणत, हा चाळिशीतला गोल तोंडाचा माणूस. एका हाताने गाडी मागे घेत दुसऱ्या हाताने चहा पिणारा, आणि कोठडीतल्या चोरालाही हसवणारा. त्या दिवशी गोदामात तो दोरी धरून उभा होता. हमालाची बायको त्याच गोदामात पोती शिवायला होती. तिला आत शिरू न देणं हे काम त्याच्या वाट्याला आलं आणि ते त्याने केलं.

त्यानंतर त्याने गाडी भिंतीला लावणं सोडलं. ठाण्याच्या आवारात भर उन्हात, मधोमध गाडी उभी करायचा. पोरं हसली. एकदा कोर्टाच्या कुंपणाच्या भिंतीशी वळताना गाडी रस्त्यातच सोडून तो खाली उतरला आणि पलीकडच्या फुटपाथवर जाऊन बसला. मागे वाहनांची रांग लागली, तरी हा उठेना. तेव्हा मोठे साहेब पूर्णविरामला म्हणाले, "घ्या, तुमचं गिऱ्हाईक आलं. बसवा त्याला."

पूर्णविरामने त्याला बसवलं. कुठे, तर त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, उजेडाकडे तोंड करून. दार लावलं, कोरे कागद समोर ओढले आणि पेनाचं टोपण काढलं. बाईंचं सांगणं त्याला आठवलं नाही असं नाही. पण जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं एकोणतीस वर्षं मानलेला माणूस तीन दिवसांत काय बदलणार!

"हं, बोल. किती वाजता पोचलास?"

"दादा, हा हात बघा," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने उजवा तळवा पुढे केला. तळव्याच्या कडेला दातांचे वण होते. "चावली ती मला. मी तरी..."

"हात राहू दे. क्रमाने सांग."

"पोचलो असेन सव्वाअकराला. साहेबांना फोन लावला लगेच. ते म्हणाले दोरी बांध, कोणाला सोडू नको. आणि दादा, ते दोघं एकमेकांना हाका मारत होते. मी तिच्या तोंडावर..."

"ते इथे महत्त्वाचं नाही. तू आत का गेला नाहीस?"

ड्रायव्हरने तळवा मिटला. मग म्हणाला, "जायला पाहिजे होतं ना?"

"ते मला विचारू नकोस. जाता आलं असतं का?"

"आलं असतं बहुतेक. एका बाजूने फट होती. दादा, रोज वाटतं, गेलो असतो तर..." आणि तो रडायला लागला. खांदे हलवत, नाक न पुसता.

"थांब. म्हणजे तुला असं म्हणायचंय की," पूर्णविराम म्हणाला.

मान डोलली. पेन चाललं. साहेबांच्या फोनापाशी ते क्षणभर अडखळलं, नाही असं नाही. पण वरिष्ठाचं नाव आलं की जबाब वाकडा जातो, हे त्याचं जुनं गणित. पाण्याच्या ग्लासाभोवती हात धरून ड्रायव्हर रडत होता आणि समोर एक झकास जबाब उतरत होता. 'मी आत जाणे शक्य असतानाही स्वतःहून गेलो नाही. सबब सदर इसमास वेळेवर मदत मिळाली नाही व तो मयत झाला, असे माझे म्हणणे आहे.' वाचून दाखवल्यावर ड्रायव्हरने डोळे पुसत सही केली. जाताना म्हणाला, "बरं वाटलं दादा."

पूर्णविरामलाही बरं वाटलं. योजनेच्या फॉर्मवर त्याने तारीख, वेळ लिहिली आणि खाली सवयीने टाकलं, 'सोबत जबाब, पाने दोन'. टाचणी लावली. ठाण्यातला प्रत्येक कागद जसा मोठ्या साहेबांच्या टेबलावरून जातो, तसा हाही गेला. साहेबांनी तो वाचला, परत वाचला, आणि आरशाच्या खणात ठेवून दिला.

महिनाभरात बोंबाबोंब झाली. वर्तमानपत्रांनी विचारलं, माणूस तासभर ओरडत असताना पोलीस काय करत होते? वरून चौकशी लागली. साहेबांनी खुलासा पाठवला, की आपण शासकीय कार्यक्रमात होतो, आपल्याला कल्पना उशिरा मिळाली, आणि जागेवर असलेल्या चालकाने कसूर केली, हे तो स्वतःच कबूल करतो. सोबत जबाब, पाने दोन. ड्रायव्हरला नोटीस मिळाली. नोकरीतून का काढू नये, याचं उत्तर द्या.

पूर्णविरामला हे कळलं तेव्हा पहिला विचार काय आला असेल? तर आपल्या कागदाला साहेबांनी किती महत्त्व दिलं!

दोन दिवसांनी सकाळी ड्रायव्हरची बायको घरी आली. दारातच चपला काढून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. ती भांडायला आली असेल असं धरून पूर्णविरामने मनात दोनतीन उत्तरं जुळवून ठेवली होती. ती भांडली नाही.

"भाऊजी, एकच विचारायला आले. ते त्या दिवसापासून घरी एक शब्द बोलत नव्हते. जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत बसायचे. मग एक दिवस येऊन म्हणाले, आज दादांपाशी बोललो. ऐकून मला इतकं बरं वाटलं. मुलांना म्हटलं, बाबा आता बोलतील." ती थांबली. "असं काय बोलले हो ते, की नोकरी घालवायची पाळी आली?"

"त्याने सही केली आहे, वहिनी," पूर्णविराम म्हणाला. जुळवलेल्या उत्तरांतलं हेच तेवढं जिभेवर आलं.

"सही तर करतीलच. तुम्ही सांगितलंत ना करायला," ती म्हणाली. चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "तुम्ही त्याचं ऐकलंतच नाही," ती म्हणाली. "माझं कधी ऐकलंत का, म्हणून त्याचं ऐकाल?" हे तिने रागाने म्हटलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. तिने ते भाजी निवडता निवडता, जुनी माहिती सांगावी तसं म्हटलं. बाजारात की बाजाराकडे, असं विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्या दिवशी पूर्णविरामने कपाटातून आपल्या जुन्या वह्या काढल्या. त्यांत तो आपल्याला आवडलेल्या जबाबांच्या नकला जपून ठेवायचा, हौस म्हणून. वाचत गेला. धुणंभांडी करणारी म्हातारी, ट्रकवाला, शाळेचा शिपाई, बँकेतला साहेब. सगळे एकाच आवाजात बोलत होते. सगळ्यांना 'सबब' हा शब्द येत होता. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर शेकडो माणसं बसली आणि वहीत एकच माणूस होता, तो स्वतः. याआधी हे दिसलं नाही, इतका तो मठ्ठ होता. आता दिसलं, तर भिऊन वह्या कपाटात परत कोंबल्या.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. एकोणतीस वर्षांतला पहिला. "उद्या तुम्हाला एवढंच सांगायचंय, की जबाब तुम्ही घेतला आणि तो त्याच्या सांगण्याप्रमाणे आहे. तुमच्या जबाबाला कोर्टात कोणी हात लावू शकलं नाही, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय." पूर्णविरामने चहा संपवला. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं इतकं स्वस्तात होतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

चौकशी मुख्यालयात, त्याच सभागृहात. मंच तोच. चौकशी अधिकारी बाहेरून आलेले, किडकिडीत, कमी बोलणारे. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर. ड्रायव्हरने इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि खुर्ची भिंतीपासून लांब ओढून घेतली होती.

"ही सही तुमची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"मजकूर तुम्ही सांगितलात?"

ड्रायव्हरने पूर्णविरामकडे बघितलं. रागाने नाही. शाळेत बाईंनी विचारल्यावर पोर शेजारच्याकडे बघतं, तसं. मग म्हणाला, "दादांनी वाचून दाखवला तेव्हा बरोबरच वाटला."

अधिकारी पूर्णविरामकडे वळले. "हवालदार, जबाब तुमच्या हातचा. तो यांच्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे ना?"

हे वाक्य पूर्णविरामने स्वतः हजारो वेळा लिहिलं होतं. प्रत्येक जबाबाच्या शेवटी तेच असतं. हो म्हणायचं आणि खाली बसायचं, एवढंच काम. साहेब कानशिलावरून बोट फिरवत होते. त्याला बायकोच्या हातातली भाजी आठवली. उभा राहिला, गुडघा कटकन वाजला.

"नाही साहेब."

"नाही म्हणजे?"

"हे तो बोललाच नाही. तो रडत होता. वाक्यं माझी आहेत." आता थांबणं त्याला जमेना. "आत जाता आलं असतं का, ते मी विचारलं. त्याने 'बहुतेक' म्हटलं. ते 'बहुतेक' मी खाऊन टाकलं. स्वतःहून हा शब्द माझा. सबब माझा. आणि साहेबांना फोन केल्याचं त्याने मला सांगितलं होतं. ते मी लिहिलं नाही. तो फोन आला तेव्हा मी साहेबांना खेटून इथेच, या मंचावर उभा होतो. मी येईपर्यंत कोणी आत जायचं नाही, असं साहेब म्हणाले. मी ऐकलंय. नंतर फोटो काढला, दोनदा. दुसऱ्यात माझे डोळे उघडे आहेत, बघून घ्या."

सभागृहात कोणीतरी हसलं. साहेबांचं बोट कानशिलावरच राहिलं.

"तुम्हाला कळतंय ना," अधिकारी सावकाश म्हणाले, "याचा अर्थ तुम्ही घेतलेला कुठलाच जबाब..."

"कळतंय साहेब. तुम्ही पुढचं वाक्य पूर्ण करू नका," पूर्णविराम म्हणाला आणि खाली बसला.

पुढचं सगळं खात्याच्या रीतीप्रमाणे झालं. फोनच्या नोंदी निघाल्या, ड्रायव्हरवरची नोटीस मागे घेतली आणि तो पुन्हा गाडीवर आला. मोठ्या साहेबांना समज देण्यात आली आणि शिक्षा म्हणून मुख्यालयात, मोठ्या खिडकीच्या केबिनमध्ये बदली झाली. तिथे आरसा भिंतीवर टांगायची सोय होती. पूर्णविरामचं मात्र हसं झालं. वकील मंडळी कोर्टात त्याचं नाव निघालं की घसा खाकरायची. आजवर एकही साक्षीदार फितूर झाला नाही, शेवटी लिहिणाराच झाला, हा विनोद पोरांनी दोन महिने पुरवून वापरला. त्याला मुद्देमालाच्या खोलीत बसवलं. जप्त सायकली, चाकू, पोत्यात बांधलेली भांडी, प्रत्येकाला चिठ्ठी. तिथे कोणी जबाब द्यायला येत नसे. खोलीला खिडकीच नव्हती, त्यामुळे पाठ कुठेही करा.

साथीचा बिल्ला मात्र त्याच्याच छातीवर राहिला. दुसऱ्या कोणाचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं आणि नवं परिपत्रक आल्याशिवाय तो काढून घेण्याची तरतूद नव्हती.

एका दुपारी ड्रायव्हर त्या खोलीत आला. आभार मानायला आला असेल, असं पूर्णविरामला वाटलं. अजूनही त्याला असलं काही वाटत होतं, म्हणजे बघा. ड्रायव्हरने एक जप्त खुर्ची ओढली आणि सायकलींच्या मधे, भिंतीपासून दूर ठेवून तिच्यावर बसला.

"उपकार केले नाहीत तुम्ही. तुम्हीच घातलेली गाठ होती, तुम्हीच सोडवलीत," तो म्हणाला.

"हो," पूर्णविराम म्हणाला.

"पण मला ते सांगायचं राहिलंय. बायकोला सांगता येत नाही. दुसरं कोणी आपल्यातलं नाही जे बसून ऐकेल. तुम्ही लिहिणार असाल तर जातो."

पूर्णविरामने खिशातलं पेन काढलं आणि लांबच्या फळीवर, चाकूंच्या शेजारी ठेवलं. तेवढ्याने भागेना, बोटं चाळवायला लागली, म्हणून उजवा हात मांडीखाली दाबला आणि त्यावर बसला.

ड्रायव्हर बोलायला लागला. शेवट आधी सांगितला. मग गाडीच्या ब्रेकबद्दल काहीतरी, मग आपल्या लहानपणीची एक विहीर, मग परत गोदाम. तो आणि ती एकमेकांना हाका मारत होते. तिने नाव घेतलं की तो आतून ओ द्यायचा. आवाज नेमका कुठून येतोय ते कळलं, तर अग्निशामकवाले आले की त्यांना जागा दाखवता येईल, असं ड्रायव्हरच्या मनात आलं. तिच्या ओरडण्यात काही समजत नव्हतं. म्हणून त्याने तिच्या तोंडावर हात दाबला. गप, ऐकू दे. ती चावली. त्याने हात काढला नाही. आतून दोनदा हाक आली. तिला ओ देता आली नाही. तिसऱ्यांदा हाक आलीच नाही.

"त्याला वाटलं असेल, ती निघून गेली," ड्रायव्हर म्हणाला. "दादा, तो तसंच समजून गेला असेल."

पूर्णविरामच्या तोंडात वाक्य तयार होतं. 'आवाजाचे ठिकाण निश्चित करण्याच्या हेतूने.' चांगलं वाक्य होतं, खरंही होतं, ड्रायव्हरला निर्दोष सोडणारं होतं. त्याने ते गिळलं. मांडीखाली हाताला मुंग्या आल्या होत्या. ड्रायव्हर तळवा उघडून बसला होता आणि या वेळी पूर्णविरामने तो हात बघितला. वण पुसट झाले होते, पण वरचे चार आणि खालचे तीन दात मोजता येत होते. गाडी काढायची हाक आली तेव्हा ड्रायव्हर उठला, खुर्ची होती तिथे ठेवली आणि म्हणाला, "उद्या येऊ का?"

"ये," पूर्णविराम म्हणाला.

महिनाअखेर योजनेचा तक्ता मुख्यालयाला जायचा होता. साथीने घेतलेल्या भेटींची संख्या, असा त्यात रकाना होता. ड्रायव्हर तोवर नऊ वेळा येऊन गेला होता. पूर्णविरामने पेन घेतलं, रकान्यात शून्य काढलं आणि पुढे ठिपका दिला नाही. आठ दिवसांनी मुख्यालयातून, मोठ्या खिडकीच्या केबिनमधून, त्याला पत्र आलं. आपण साथी म्हणून काहीही काम केलेले दिसत नाही, सबब लेखी खुलासा सादर करावा.